राउटर यंत्र, त्याचे बटन आणि दुसरा साक्षीदार

लिहून ठेवणार: गुलाब तानबाजी ताकसांडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम व गिटारचे पिकअप तयार करणे, राहणार सावंगी (मेघे), तालुका व जिल्हा वर्धा.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हे प्रथम नमूद करतो. चष्म्याने मला बारीक अक्षर दिसते, काल काय जेवलो ते आठवते, आणि कोणाशी माझे पटत नाही तेही आठवते. हा मजकूर कोणी धमकावून, फूस लावून अथवा गोड बोलून माझ्याकडून लिहून घेतलेला नाही. गोड बोलणारे माणूस आमच्या घरात नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे. तथापि वकीलसाहेबांनी टाइप करून आणलेला मसुदा मला पसंत पडला नाही, कारण त्यात माझा धंदा "इतर" असा लिहिला होता. म्हणून हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे.

पुढील महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरलेली आहे. भिण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. मी भीत नाही. परंतु मागे राहणाऱ्यांत भांडण होऊ नये, एवढ्यासाठी खालील व्यवस्था करीत आहे.

कलम पहिले. घर.

माझ्या कष्टाच्या कमाईतून बांधलेले सावंगी येथील राहते घर, मागील टिनाच्या कारखान्याच्या खोलीसह, माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. सुलोचना हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. माझा मुलगा प्रफुल नागपूरला सरकारी नोकरीत आहे. घर विकून सर्वांनी हिस्से घ्यावेत आणि आईने त्याच्याकडे राहावे, असे त्याचे म्हणणे आहे. प्रफुल वाईट मुलगा नाही. परंतु कोणतीही वस्तू समोर आली की तिचे तुकडे किती होतील, हे तो आधी पाहतो. त्याच्या आईने त्याला उत्तर दिलेले आहे, ते येथे नोंदवितो: "बाबू, तुह्या चौथ्या माळ्यावर मी कोणाले आवाज देऊ? इथं फाटकात उभी राह्यली त अर्धं सावंगी बोलते माह्याशी." यात मला काही वाढवायचे नाही.

कलम दुसरे. ठेव व किरकोळ.

बँकेतील ठेव सुलोचनेच्या नावे होईल. तिच्यानंतर जे उरेल ते प्रफुल आणि मुलगी रोशनी यांनी सारखे वाटून घ्यावे. ज्या सागवानी दिवाणावर बसून प्रफुलने सर्व परीक्षा दिल्या तो दिवाण त्याने न्यावा. दिवाणाचे चारही सांधे खिळ्याशिवाय बसविलेले आहेत. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून त्याचे पाय कापू नयेत. जिन्याने न्यावा.

कलम तिसरे. हाताची अवजारे.

रंधे, पटाशा, गिरमिट, हातकरवती व सर्व साचे माझी मुलगी रोशनी हिला द्यावेत. ती येथील दवाखान्यात परिचारिका आहे आणि लहानपणापासून माझ्या हाताखाली तिने काम पाहिलेले आहे.

एक साचा मात्र भूपेंद्र नावाच्या गृहस्थाकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून त्यांनी तो नेला आणि त्यावरून माल काढून बाजारात विकला. तो परत मागू नये. मी तो फेकण्यासाठी वेगळा ठेवलेला होता. त्यातील सहाव्या तारेखाली येणारे भोक अर्ध्या सुताने सरकलेले आहे. भूपेंद्र यांच्या पिकअपवर सहावी तार नेहमी दबून वाजते. याचे कारण त्यांना अद्याप सापडलेले नाही. माझ्या पश्चात त्यांना कळविण्यास हरकत नाही.

कलम चौथे. राउटर यंत्र.

हे कलम लांब होणार आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

हे यंत्र चंद्रभान रूपराव झाडे, राहणार गिरड, तालुका समुद्रपूर, यांना द्यावे असे मी प्रथम लिहिले होते. ते मी रद्द केले आहे. कारण शेवटच्या कलमात येईल. आता हे यंत्र रोशनीला मिळेल. परंतु ते कशासाठी आहे आणि कसे चालवायचे, हे लिहून ठेवल्याशिवाय ते कोणाच्या हाती देणे मला बरोबर वाटत नाही.

विजेच्या गिटारच्या तारांखाली एक लहानशी पेटी बसविलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असते आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार छेडली की या पेटीतून आवाज पुढे भोंग्यात जातो. तांब्याची तार ज्या फिरकीवर गुंडाळतात, तिला वर आणि खाली एकेक पट्टी लागते. ती पट्टी करंगळीएवढी असते. ती पट्टी, आणि पेटीभोवतीची सागवानी चौकट, मी राउटरवर, म्हणजे पाते गरगर फिरवून लाकूड कोरणाऱ्या विजेच्या यंत्रावर, कापतो. राउटर मेजाच्या खाली उलटा बसविलेला आहे. त्याचे पाते तेवढे भोकातून वर येते आणि फिरताना डोळ्यांना दिसत नाही. मोठी फळी असेल तर हात आपोआप लांब राहतात. करंगळीएवढी वस्तू बोटांत धरून नेली, तर पाते ती हिसकावून भिरकावते, आणि रिकामी झालेली बोटे आपल्याच जोराने पुढे जातात. शहरात अशी बोटे गेलेली माणसे मला ठाऊक आहेत. नावे लिहीत नाही.

म्हणून लहान तुकडा आधी कापून मोकळा करायचा नाही. पट्टी फायबरच्या मोठ्या पत्र्याला जोडलेली असतानाच तिला पूर्ण आकार द्यायचा आणि अगदी शेवटी हातकरवतीने सोडवायची. पत्र्याखाली साचा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्का बसवायचा. वरून दोन मुठींचा ठोकळा, म्हणजे हात मुठींवर राहतात, मालावर राहत नाहीत. सुरुवात मेजावरच्या खुंटीला टेकवूनच करायची, आणि पाते ज्या अंगाने फिरते त्याच्या उलट अंगाने माल सरकवायचा. घाई असेल त्या दिवशी यंत्र लावायचेच नाही.

याशिवाय बटनावर एक माणूस उभा पाहिजे. आमचे बटन दाराजवळच्या भिंतीवर आहे, मेजावरून तेथे हात पोहोचत नाही. तेथे चंद्रभान उभा राहत असे.

चंद्रभानची ओळख अशी झाली. आमच्या वस्तीतील गायन पार्टीचा बँजो ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर मुका झाला. मी लाकडाचा माणूस, तारेतले मला काही समजत नव्हते. हिंगणघाटला मोटारी वाइंडिंग करणारा एक कारागीर चांगला आहे असे समजले, म्हणून बँजो घेऊन गेलो. त्याने आतील पेटी उघडली, भिंगातून पाहिली आणि हसत म्हणाला, "हे त मोटारचं पिल्लू आहे बे!" त्याने तार भरून दिली, मी तुटलेली पट्टी नवी करून दिली. बँजो पूर्वीपेक्षा चांगला बोलू लागला. पुढे येथील मेडिकलची मुले आपल्या गिटारी घेऊन येऊ लागली. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने मोबाइलवर टाकले, आणि पुण्याहून, बेंगळुरूहून कुरियर येऊ लागले. तेव्हा चंद्रभान हिंगणघाटचे दुकान सोडून माझ्याकडे आला. लाकूड आणि कापणे माझे, तार त्याची. वीस वर्षे आम्ही असे काम केले. आमच्यात लेखी काही नव्हते.

यंत्र लावण्यापूर्वी मी मेजावरून "चालू?" असे विचारायचो. भिंतीकडून "हो" असे यायचे. त्यानंतर बटन दाबले जायचे. काम चालू असताना कोणी बोलायचे नाही. नवे लोक पाहायला येत, ते सर्व पात्याकडे पाहत. चंद्रभान पात्याकडे कधीही पाहत नसे. तो माझ्या उजव्या खांद्याकडे पाहत असे. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "तुह्या बोटाच्या आधी तुहा खांदा हालते. तुले नाई समजत, मले समजते."

एका दुपारी चौकट अर्धी कापून झाली असताना यंत्र एकाएकी बंद पडले. मी संतापून ओरडलो, "काऊन बंद केलं बे?" तो जागेवरूनच म्हणाला, "खालून पाह्य." मी माल उलटा केला. टेप सुटलेला होता, आणि सागाचा तुकडा एका कोपऱ्यावर लोंबत होता. नवा टेप लावला, "चालू?" म्हटले, आणि "हो" आले.

चंद्रभानचे गुडघे सुजू लागले होते. उभे राहण्याचे काम, आणि सिमेंटची फरशी. त्याने कधी तक्रार केली नाही, परंतु चहाच्या वेळी तो गुडघे दाबत बसे, ते मला दिसत होते. चार वर्षांपूर्वी तो नात्यातील लग्नासाठी गिरडला गेला असताना मी विजेच्या मिस्त्रीला बोलावून मेजाखाली पायाने दाबायचे बटन बसवून घेतले, आणि दाराजवळ, त्याच्या उभे राहण्याच्या जागी, गादीची एक नवी खुर्ची आणून ठेवली. खुर्ची मी स्वतः निवडली होती.

तो परत आला, दारात थांबला. पुढील बोलणे जसे झाले तसे लिहितो.

"हे कायचं?"

"पायबटन. आता तुले उभं राहाचं काम नाई. गुडघे पाह्य कसे सुजून राह्यले. खुर्चीवर बस आन तार भर आरामात."

"म्हंजे माहं काम संपलं."

"काम कायचं संपते? आराम कर म्हणतो."

"आराम मी गिरडले करीन. तिथं खाट आहे माही."

सुलोचनेने चहा आणला होता. त्याने अर्धा घेतला, डबा उचलला आणि बस पकडली. मी त्याला थांबविले नाही. मी त्याला घालविले नव्हते, म्हणून बोलावणे हे माझ्याकडे येत नाही, असे माझे तेव्हा मत होते. ते मत आजही बदललेले नाही. पायबटन मात्र मी त्याच सायंकाळी काढून पेटीत टाकले. ते कोणालाही द्यावे.

तेव्हापासून दारावर "लहान काम बंद आहे" असा फलक आहे. माझे डोळे गेले, असे बाहेर बोलले जाते. माझे डोळे चांगले आहेत. आजही सकाळी झाडलोट झाली की मी मेजाशी उभा राहतो आणि तोंडातून "चालू?" जाते. मग स्वतः जाऊन बटन दाबतो आणि मेजाशी परत येतो, तोपर्यंत पाते केव्हाचे फिरत असते, आणि माझे मन कामात राहिलेले नसते. पुन्हा जाऊन बंद करतो. फायबरच्या एका मोठ्या पत्र्यावर पट्ट्यांचे आकार कोरून झालेले आहेत. त्या अजून पत्र्यालाच जोडलेल्या आहेत. त्यांना कोणी हात लावू नये.

रोशनी सुट्टीच्या दिवशी येऊन बटनावर उभी राहिली आहे. तिने स्वतःच सांगितले, "बाबा, मले तुमचा खांदा नाई समजत. माही नजर पात्याकडेच जाते." हे सांगण्याचा प्रामाणिकपणा तिच्यात आहे, म्हणूनच यंत्र तिला देत आहे. अट एकच. यंत्र एकट्याने लावायचे नाही. दुसरे माणूस मिळाले नाही तर यंत्र झाकून ठेवावे. ते भंगारात देण्याचा अधिकार प्रफुलला नाही.

कलम पाचवे. देह.

माझा देह सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयास शिकणाऱ्या मुलांसाठी द्यावा. घरी त्रिशरण पंचशील म्हणावे, गायन पार्टीने एक गीत म्हणावे आणि गाडी वेळेवर सोडावी. जेवणावळ करू नये. देह ताब्यात घेताना तेथील मुलांनी माझी बोटे मोजून पाहावीत. दहाच्या दहा आहेत. माझ्या धंद्यात या वयाला ही गोष्ट साधी नाही. त्यांचे श्रेय माझे एकट्याचे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

कलम सहावे. साक्षीदार.

मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार माझ्या धाकट्या भावाचा मुलगा राकेश हा आहे. तो एसटीत वाहक असून गिरडच्या गाडीवर असतो. चंद्रभान कधी त्याच्या गाडीने समुद्रपूरपर्यंत जातो, तेव्हा राकेश मला बातमी आणतो. या चार वर्षांत बातमी एकच आहे.

"मोठेबाबा, झाडे काका होते आज गाडीत. तिकीट घेतलं आन पुसते, त्याची बोटं शाबूत हायेत का? मी म्हटलं, दहाबी हायेत. मंग खिडकीतून पाहत बसले."

"अजून काय म्हणे?"

"काई नाई. मी म्हटलं, काका, चला ना सावंगीले, मीच नेतो. त म्हणे, बोलावलं कोणं?"

सुलोचना हे ऐकत होती. ती म्हणाली, "एक बोलावत नाई आन एक येत नाई. दोघंबी एकाच झाडाच्या फळ्या. मंधात मी चाय ठेवून ठेवून थकली."

दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी चंद्रभान रूपराव झाडे यांचे नाव वकीलसाहेबांना सांगितले. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, उद्या वाद निघतात, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे यंत्र तरी द्या किंवा सही तरी घ्या. ते म्हणाले, "गुलाबराव, यंत्र त्यांना राहू द्या. साक्षीदार कोणीही चालतो. समोरच्या चहावाल्याला बोलावू का?"

मी म्हणालो, "बोलवा. चहा सांगून ठेवू."

ते हसले आणि फाइल मिटून बसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना निर्णय सांगितला. यंत्र नेण्यासाठी चंद्रभान आला, तरी ते माझ्या पश्चात. त्या येण्याचा मला उपयोग नाही. साक्षीदाराने मात्र मी सही करताना माझ्या समोर असावे लागते, असे कायदा सांगतो. म्हणून यंत्राचे कलम मी बदलले आणि साक्षीदाराचे नाव कायम ठेवले. दुसरे नाव घालू नये, असे वकीलसाहेबांना स्पष्ट बजावलेले आहे.

यातील धोका मला समजावून सांगण्यात आला. चंद्रभान आला नाही तर या कागदास किंमत राहणार नाही. घर तिघांत वाटले जाईल, प्रफुल आपला हिस्सा मागेल आणि यंत्र कोठे जाईल ते सांगता येत नाही. घराचा प्रश्न सुलोचनेचा आहे, म्हणून मी तिला विचारले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घराचं मी पाहून घेईन. प्रफुलले मी जन्म देला, त्यानं मले नाई. तुमी त्याले बोलवा. चार वर्सं झाले, मी तुमचं हे तोंड पाहून राह्यली." तिची संमती मी अशा रीतीने घेतलेली आहे.

राकेश याने उद्याच्या गाडीने गिरडला उतरून चंद्रभान यांना पुढीलप्रमाणे निरोप द्यावा: कायदेशीर कामासाठी आपल्या सहीची आवश्यकता आहे, तरी आपण सोयीने उपस्थित राहावे.

(वरील निरोप मी स्वतः खोडला आहे. गुलाब ताकसांडे.)

राकेश याने असा निरोप द्यावा की माझी शस्त्रक्रिया ठरली आहे आणि डॉक्टरांनी सर्वांना भेटून घेण्यास सांगितले आहे.

(हाही खोडला आहे. डॉक्टरांनी असे सांगितलेले नाही. गुलाब ताकसांडे.)

राकेश याने खालील ओळ चंद्रभान यांना वाचून दाखवावी. एक शब्द अधिक किंवा उणा करू नये.

चंद्रभान, मी बोलावून राह्यलो. येजो.

लिहून ठेवणाऱ्याची सही: दुसरा साक्षीदार समोर उभा राहिल्यावर करण्यात येईल.

साक्षीदार पहिला: राकेश ताकसांडे, राहणार सावंगी (मेघे). सही त्याच वेळी करील.

साक्षीदार दुसरा: चंद्रभान रूपराव झाडे, राहणार गिरड, तालुका समुद्रपूर.

ठिकाण: सावंगी (मेघे), कारखान्याची खोली.

दिनांक: तो येईल तो.